घरपट्टी भरा, पण मोजून भरा

मार्च महिना आला की इंग्लंडमधील घरोघरी कौन्सिलचा लिफाफा येऊन पडतो. गॅसचे बिल आले की आपण मीटर तपासतो. मोटारीचा विमा संपत आला की चार कंपन्यांचे दर विचारतो. भारताचे विमान तिकीट काढताना तर वीस पौंड वाचवण्यासाठी दोन रात्री जागवतो. पण वर्षाला दोन हजार पौंडांच्या आसपास जाणारे कौन्सिल टॅक्सचे बिल मात्र आपण वरवर पाहतो, एक उसासा टाकतो आणि डायरेक्ट डेबिट चालू ठेवतो. सरकारी कागदावर छापून आले म्हणजे बरोबरच असणार, ही आपली समजूत. त्यातून आपण बाहेरून आलेली माणसे. उगाच कौन्सिलच्या डोळ्यांवर कशाला या, आपण बरे आणि आपले काम बरे, असाही विचार मनात असतोच.

ही समजूत सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कर भरणे हे कर्तव्य आहे, पण तो बरोबर आकारला आहे की नाही हे पाहणे हाही आपला हक्क आहे. आणि या देशात हा हक्क बजावायला वकील लागत नाही, ओळख लागत नाही आणि एक पेनीही लागत नाही. लागतो तो एखाद्या रविवारचा दुपारचा वेळ आणि थोडी चिकाटी.

बिल कशाचे बनते?

ब्रॅकनेलमध्ये राहणाऱ्यांनी आपले बिल एकदा नीट वाचून पाहावे. त्यातला मोठा वाटा ब्रॅकनेल फॉरेस्ट कौन्सिलचा असतो. त्याखालोखाल थेम्स व्हॅली पोलीस, रॉयल बर्कशायर अग्निशमन दल आणि आपापल्या भागाचे टाउन किंवा पॅरिश कौन्सिल यांचे वाटे. वृद्धांच्या देखभालीसाठी लावलेली जादा पट्टीही त्यात स्वतंत्र दाखवलेली असते. हे दर वर ठरतात. वृद्धांची देखभाल ज्यांच्याकडे आहे अशा कौन्सिलांना २०२३-२४ पासून, जनमत न घेता, वर्षाला पाच टक्क्यांच्या आत वाढ करता येते, आणि बहुतेक कौन्सिले जवळपास तेवढी वाढ करतात. दरावर आपला इलाज मतपेटीपुरताच.

पण आपले बिल ठरवणाऱ्या गोष्टी तीन आहेत : दर, आपल्या घराचा बँड, आणि आपल्याला लागू होणाऱ्या सवलती. पहिली आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन तपासणे आपल्या हातात आहे, आणि बहुतेक घरांत त्याच दोन कधीही तपासलेल्या नसतात.

बँड आला कुठून?

१९९० साली इंग्लंडमध्ये माणशी कर, म्हणजे ‘पोल टॅक्स’, लागू झाला. लोक इतके संतापले की ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दंगल झाली. त्या कराच्या जागी १ एप्रिल १९९३ पासून आजचा कौन्सिल टॅक्स आला. त्यासाठी इंग्लंडमधील सुमारे दोन कोटी घरांची किंमत थोडक्या काळात ठरवायची होती. मग खाजगी इस्टेट एजंटांनाही कामाला लावले गेले. त्यांतले पुष्कळजण घरात न शिरता रस्त्यावरून मोटार हळू चालवत घरांचे बँड लिहून घेत गेले. इंग्रज माणूस विनोदी. त्याने या प्रकाराला ‘सेकंड गिअर व्हॅल्युएशन’ असे नाव ठेवले.

घर १ एप्रिल १९९१ रोजी विकले असते तर किती किंमत आली असती, हा तेव्हाचा निकष आणि आजही तोच. चाळीस हजार पौंडांपर्यंत ए, ५२ हजारांपर्यंत बी, ६८ हजारांपर्यंत सी, ८८ हजारांपर्यंत डी, एक लाख वीस हजारांपर्यंत ई, एक लाख साठ हजारांपर्यंत एफ, तीन लाख वीस हजारांपर्यंत जी आणि त्यापुढे एच. वेल्समध्ये २००३ च्या किमती धरून २००५ साली नवे बँड लागू झाले. इंग्लंडमध्ये २००७ साली फेरमूल्यांकन व्हायचे होते, ते २००५ मध्येच पुढे ढकलले गेले आणि ढकललेलेच राहिले. गंमत अशी की ज्या जेनेट्स पार्क वसाहतीत आज आपली इतकी मंडळी राहतात, ती १९९१ साली अस्तित्वातच नव्हती. तरी तिथल्या प्रत्येक घराची १९९१ ची किंमत कोणीतरी अंदाजाने ठरवून कागदावर मांडली आहे.

मी संगणकाच्या धंद्यातला माणूस. आमच्याकडे एक अनुभव असा की घाईघाईत भरलेली माहिती एकदा यंत्रात गेली, की पुढे तीस वर्षे ती कोणी तपासत नाही. जो तो त्यावर पुढचे हिशेब करत जातो. बँडचेही तेच झाले आहे.

एका बँडचा फरक किती?

बँडांचे प्रमाण कायद्याने ठरलेले आहे. डी म्हणजे नऊ भाग धरले, तर ए सहा भाग, बी सात, सी आठ, ई अकरा, एफ तेरा, जी पंधरा आणि एच अठरा. समजा आपल्या भागात डी बँडचा कर वर्षाला २,१६० पौंड आहे. म्हणजे एक भाग २४० पौंडांचा. डी ऐवजी सी असायला हवा होता, तर आपण दर वर्षी २४० पौंड जादा भरतो आहोत. ई ऐवजी डी हवा होता, तर ४८०. दहा वर्षे त्या घरात राहत असाल तर या ४८० चे ४,८०० होतात. थेंबे थेंबे तळे साचते ते असे, फक्त तळे दुसऱ्याच्या अंगणात! बँड मुळातच चुकला होता असे सिद्ध झाले, तर आपण त्या घराचा कर भरायला लागलो तेव्हापासूनचे पैसे परत मिळतात. १९९३ पासून त्याच घरात असलेल्यांना थेट १९९३ पासूनचे.

तपासायचे कसे?

इथे ब्रॅकनेलकरांना एक फायदा आहे. आपले गाव १९४९ साली ‘न्यू टाउन’ म्हणून जाहीर झाले आणि डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनने एकाच नकाशावर रांगाच्या रांगा बांधल्या. ग्रेट हॉलंड्स, वाइल्डरायडिंग्ज, हार्मन्स वॉटर, बर्च हिल इथे शेजारचे घर म्हणजे बहुधा आपल्याच घराचे जुळे भावंड. त्यामुळे तुलना सोपी.

पहिली पायरी : सर्व घरांचे बँड सरकारी संकेतस्थळावर जाहीर असतात. पोस्टकोड घातला की संपूर्ण रस्त्याची यादी समोर येते. आपल्यासारखीच, त्याच आकाराची, त्याच काळातली घरे खालच्या बँडमध्ये आहेत का ते पाहावे. एखादेच असेल तर हुरळून जाऊ नये. कदाचित त्याचाच बँड चुकलेला असेल. चार-पाच असतील तर मात्र प्रकरणात अर्थ आहे.

दुसरी पायरी : १९९१ ची किंमत. लँड रजिस्ट्रीकडे १९९५ पासूनच्या विक्रीच्या किमती कोणालाही फुकट पाहता येतात. आपले किंवा शेजारचे तसलेच घर जेव्हा विकले गेले तेव्हाची किंमत घ्यावी आणि एखाद्या गृहकर्ज संस्थेच्या घरकिंमत निर्देशांकावरून ती १९९१ पर्यंत मागे न्यावी. एक सावधगिरी बाळगावी. १९८९ नंतर दक्षिण इंग्लंडमध्ये घरांचे भाव काही वर्षे पडलेले होते. म्हणून १९९५ ची किंमत तशीच १९९१ ची म्हणून धरली तर ती कमी भरण्याचा संभव असतो, आणि आपण उगाच खूश होतो.

दोन्ही पायऱ्यांवर उत्तर एकच आले, म्हणजे शेजारी खालच्या बँडमध्ये आणि किंमतही खालच्या बँडची, तरच पुढे जावे. मी ग्रेट हॉलंड्समधल्या आमच्या घराचा हिशेब असाच मांडला. आमची सबंध रांग एकाच बँडमध्ये निघाली आणि किंमतही त्यातच बसली. वही मिटून ठेवली. तेही एक उत्तरच आहे; निदान बिल पाहिल्यावरचा उसासा गेला.

अर्ज करताना

अर्ज कौन्सिलकडे करायचा नसतो. बँड ठरवते ते महसूल खात्याच्या अखत्यारीतील व्हॅल्युएशन ऑफिस. घर घेऊन सहा महिने झाले नसतील, तर बँडला रीतसर आव्हान देण्याचा हक्क आपल्याला असतो आणि निकाल पटला नाही तर तीन महिन्यांच्या आत व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे अपील करता येते. त्यालाही फी नाही. म्हणून नवीन घर घेतलेल्यांनी पडदे आणि गालिचे निवडता निवडता हे कामही उरकून घ्यावे. सहा महिने उलटले असतील तरी बँड पुन्हा पाहण्याची विनंती करता येते, पण मग पुरावा भक्कम हवा : खालच्या बँडमधल्या पाच मिळत्याजुळत्या घरांचे पत्ते, किंवा एप्रिल १९८९ ते मार्च १९९३ या काळातल्या विक्रीच्या किमती. निकाल लागेपर्यंत चालू बिल भरत राहावे, हे सांगायला नकोच.

आता धोक्याची सूचना. फेरतपासणीत बँड वरही जाऊ शकतो, आणि आपल्याबरोबर शेजाऱ्यांचाही. विशेषतः आधीच्या मालकाने घर वाढवलेले असेल तर जपून. मालकाने खोली वाढवली म्हणून त्याचा बँड लगेच वाढत नाही, पण घर विकले गेले की तो वाढवता येतो. तेव्हा मागचे एक्स्टेन्शन आपण घरासोबत विकत घेतले असेल तर दहादा विचार करावा. पुरावा नसताना नुसते ‘बघू, लागला तर लागला’ म्हणून अर्ज करणे ही नसती उठाठेव ठरेल. ज्या शेजाऱ्याकडे सुट्टीवर जाताना आपण किल्ली ठेवतो, त्याचे बिल आपल्यामुळे वाढावे यात शहाणपणा नाही.

‘तुमचा बँड चुकलेला आहे, आम्ही पैसे मिळवून देतो’ असे सांगून परताव्यातला मोठा हिस्सा मागणारे मध्यस्थही भेटतात. फुकट होणाऱ्या कामाला दलाली का द्यावी? आणि फोनवर कौन्सिलचे नाव सांगून बँकेचा तपशील विचारणारा तर सरळ चोर समजून फोन खाली ठेवावा.

सवलती : इथे आपण खरे मागे पडतो

बँड चुकलेली घरे थोडी असतील, पण हक्काच्या सवलती न घेणारी आपली घरे मला अधिक वाटतात. त्यामुळे हा भाग जरा सविस्तर.

कौन्सिल टॅक्सचे पूर्ण बिल दोन प्रौढ माणसे धरून काढलेले असते. तिसरे माणूस आले म्हणून ते वाढत नाही. आई-वडील कायमचे आपल्याकडे आले तर कर वाढेल, ही भीती त्यामुळे निराधार आहे. घरात एकच प्रौढ असेल तर बिल पंचवीस टक्क्यांनी कमी होते. वरच्या उदाहरणात हे वर्षाचे ५४० पौंड. कंपनीच्या कामावर पुण्याहून एकटे आलेले आणि फ्लॅट घेऊन राहणारे आपले तरुण हे मागतच नाहीत. कर बहुधा राहणाऱ्यावर असल्यामुळे भाडेकरूलाही ही सवलत मिळते.

याहून जिव्हाळ्याची बाब म्हणजे ज्यांचा जोडीदार गेला आहे त्यांची. त्या दिवसांत बिलाकडे कोण बघतो? कौन्सिल मात्र जुन्याच हिशेबाने पैसे घेत राहते, कारण घरात आता एकच माणूस आहे हे तिला कोणी कळवलेले नसते. आपल्या मंडळात एकट्या राहणाऱ्या काकू-मावशी आहेत. घरातले सगळे कागद वर्षानुवर्षे काकांनीच पाहिलेले असतात. त्यांच्याकडे चहाला गेलात तर एवढे एक बिल जरूर पाहून या. निधनाच्या तारखेपासून सवलत मागता येते.

काही माणसे या मोजणीत धरलीच जात नाहीत : अठरा वर्षांखालील मुले, पूर्णवेळ विद्यार्थी, आणि ठराविक अटींवर घरातच राहून आठवड्याला निदान ३५ तास शुश्रूषा करणारी व्यक्ती (पती-पत्नींनी एकमेकांची केलेली शुश्रूषा यात येत नाही). म्हणजे आई आणि विद्यापीठात शिकणारा मुलगा असे दोघेच घरात असतील तर आईला पंचवीस टक्के सूट मिळते. डिमेन्शियासारख्या आजाराने ज्यांची समज कायमची खालावली आहे, अशा व्यक्तीही वगळल्या जातात. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला आणि अटेंडन्स अलाउन्ससारख्या एखाद्या भत्त्याची पात्रता लागते. नवरा-बायकोपैकी एकाला हा आजार असेल तर पंचवीस टक्के सूट. ती व्यक्ती एकटीच राहत असेल तर कर पूर्ण माफ. सत्तरच्या दशकात इथे आलेली आपली पिढी आता या वयात आली आहे, आणि अशा आजाराबद्दल चार लोकांत बोलायला आपण अजूनही कचरतो. कौन्सिलच्या एका फॉर्मसाठी तरी हा संकोच बाजूला ठेवावा.

अपंग व्यक्तीसाठी घरात खास जादा न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर असेल, तिच्या गरजेसाठी एखादी खोली लागत असेल, किंवा घरात चाकांची खुर्ची फिरवण्यासाठी जागा ठेवावी लागत असेल, तर बिल एक बँड खालचे लागते. यात उत्पन्न विचारले जात नाही. आई-वडिलांसाठी स्वतंत्र स्वयंपाकघराचे ॲनेक्स बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्याला वेगळा बँड लागू शकतो. मात्र आपल्यावर अवलंबून असलेले ६५ वर्षांवरील नातेवाईक तिथे राहत असतील तर त्याला माफी आहे.

व्हिसाची चिंता

‘सवलत घेतली तर व्हिसाला अडचण येईल का?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. एकट्या व्यक्तीची किंवा विद्यार्थ्याची सवलत ‘पब्लिक फंड्स’मध्ये मोडत नाही, तेव्हा ती निर्धास्तपणे घ्यावी. कमी उत्पन्नामुळे मिळणारे ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’ मात्र त्यात मोडते. ज्यांच्या व्हिसावर पब्लिक फंड्सची बंदी आहे त्यांनी त्याला हात लावू नये. नावे सारखी वाटतात, पण गोष्टी दोन आहेत.

प्रामाणिकपणाचाही एक भाग आहे. एकटी राहणारी मुलगी असेल आणि आई पुण्याहून चार-सहा महिन्यांसाठी पाहुणी आली, तर आईचे मुख्य घर पुण्यातच असल्यामुळे मुलीची सवलत जात नाही. पण बायको बाळंतपणाला माहेरी गेली म्हणून नवऱ्याने ‘मी एकटा’ असे लिहून देणे बरोबर नव्हे, कारण तिचे मुख्य घर ब्रॅकनेलच. मुलाचे शिक्षण संपून तो नोकरीला लागला आणि घरीच राहिला, तर तेही आपणहून कळवावे. न कळवल्यास सत्तर पौंड दंड होऊ शकतो आणि मागची सूट परत भरावी लागते. पैशांपेक्षा नावाला लागणारा डाग वाईट.

तिकडच्या घराचे काय?

मागितल्याशिवाय न मिळण्याचा हा प्रकार इथलाच आहे असे नाही. आपल्यापैकी अनेकांचे घर पुण्यात आहे. पुणे महापालिका १९७० पासून, मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात चाळीस टक्के सवलत देत आली. मध्यंतरी ती बंद झाली आणि २०२३ साली राज्य सरकारने ती पुन्हा चालू केली. पण पुष्कळांना ती मिळवण्यासाठी ‘पीटी-३’ नावाचा अर्ज पुराव्यासह भरावा लागला. तिकडे आई-वडील स्वतःच्या नावावरच्या घरात राहत असतील तर त्यांच्या बिलात ही सवलत दिसते का, हे पुढच्या खेपेला जाल तेव्हा पाहा. भाड्याने दिलेल्या घराला ती नाही. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला आहे, हेही तिकडे छोटे घर असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी एक आक्षेप. काही सभासद म्हणतील, याच पैशातून ग्रंथालय चालते, कचरा उचलला जातो, म्हाताऱ्यांची देखभाल होते. मग दोन-अडीचशे पौंडांसाठी कशाला एवढी घासाघीस? विचार चांगला आहे. पण ज्याला दान करायचे आहे त्याने ते डोळे उघडे ठेवून करावे. आधीच हा कर मध्यम घरांना जड आहे. एच बँडच्या घराची किंमत ए बँडच्या घराच्या आठपटीहून अधिक, पण त्याचा कर मात्र तिप्पटच. त्यात बँड चुकला, तर शेजारी आठ भाग भरतो आणि तसल्याच घरासाठी आपण नऊ. ती समाजसेवा नव्हे, हिशेबातली चूक आहे आणि ती दुरुस्त करून घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. आणि डिमेन्शिया झालेल्या काकांचे बिल पूर्ण आकारले गेले, तर त्यातून कोणाचे भले होते?

माझी मंडळाला एक सूचना आहे. पुढील एखाद्या कार्यक्रमात, चहाच्या वेळी, एका कोपऱ्यात दोन खुर्च्या आणि एक लॅपटॉप ठेवावा. ज्यांना हवे त्यांनी बिल घेऊन यावे; तरुण मंडळींनी बँड तपासून द्यावा आणि ज्येष्ठांना फॉर्म भरून द्यावेत. पहिला अर्धा तास मी बसायला तयार आहे. तोवर निदान एवढे करावे : कपाटातल्या फाइलमधून यंदाचे बिल काढून ते एकदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावे.